सतराव्या ओळीतला म

"राठोड, तुमचे हे ड्रायव्हर झोपतात कधी?"

व्यंकटराव सरांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि टेबलावरचा गठ्ठा पुढे ढकलला. दोनशे बारा कागद. दीड वर्षाची मेहनत. प्रेमदास राठोड समोरच्या खुर्चीच्या कडेवर बसला होता. नांदेडच्या विद्यापीठात आपल्या मार्गदर्शकासमोर तो गेली चार वर्षं असाच कडेवर बसत आला होता. पूर्ण खुर्ची वापरायची ती पीएच.डी. झाल्यावरच, असं त्याचं स्वतःशी ठरलेलं.

"झोपतात की सर. म्हणजे, मिळेल तेव्हा."

"हा गोपीचंद बघा. हैदराबादच्याही पलीकडून निघाला, सोळा तास ट्रक चालवला, तुमच्या वारंगा फाट्यावर उतरला आणि तुमची चाचणी सोडवली. चुका शून्य. हाच गोपीचंद घरी दोन दिवस झोप काढून आला. चुका शून्य. मग थकवा गेला कुठे?"

चाचणी अगदी साधी होती. कागदावर पंचवीस ओळी अक्षरं, कशाचा कशाला मेळ नाही. ड्रायव्हरने पाच मिनिटांत त्यातला प्रत्येक म पेन्सिलीने खोडायचा. थकलेल्या माणसाकडून म सुटतात, ताज्याकडून कमी सुटतात. किती सुटले त्यावरून माणसाचं लक्ष किती जागं आहे ते कळतं. पुस्तकात लक्षाला अवधान म्हणतात, फाट्यावर 'ध्यान' म्हणतात.

"आता हे बघा," सर म्हणाले. त्यांनी सतराव्या ओळीखाली लाल पेन्सिल टेकवली. "हा म. ओळीच्या मधोमध. दोनशे बारा कागदांपैकी एकावरही खोडलेला नाही."

"दिसायला अवघड असेल सर."

"असेल. तुमची उत्तरपत्रिका काढा. तुम्ही स्वतः केलेली."

प्रेमदासने पिशवीतून काढली. एकोणसाठ म खोडलेले होते. सतराव्या ओळीतला म मात्र तसाच, धडधाकट, कुणी हात न लावलेला.

त्याचे कान तापले. अवधानावर पीएच.डी. करायला निघालेल्या माणसाचं स्वतःचं अवधान तिथे डुलकी काढून गेलं होतं, हे एक. पण दुसरं त्याहून वाईट होतं, आणि ते सरांनीच बोलून दाखवलं.

"मी तीस वर्षं परीक्षांच्या खोल्यांतून फिरलोय, राठोड. अख्ख्या वर्गाची एकच चूक म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको. तुमच्या ड्रायव्हरांनी कॉपी केलीय. नोंदणी संपायला किती राहिलेत?"

"आठ महिने सर. एकदा वाढवून घेतलीय."

"म्हणजे आता वाढायची नाही. हा गठ्ठा रद्दीत घाला. आठ महिन्यांत नवीन काही उभं राहिलं तर या. नाही राहिलं तर, तासिकेवरची नोकरी आहेच तुम्हाला."

ते टोचून बोलले नव्हते, खरं तेच बोलले होते. म्हणून जास्त लागलं.

एस.टी.त बसल्यावर प्रेमदासला खिडकीबाहेर काही दिसलं नाही. अर्धापूरच्या केळीच्या बागा गेल्या, डोंगरकडा गाव गेलं, आणि ते गेलं हेही त्याला फाट्यावर उतरल्यावर कळलं. ही गोष्ट त्याला आणखीनच झोंबली, कारण डोंगरकड्यापासूनच तर हे सगळं सुरू झालं होतं.

त्याचे वडील अमरसिंग एकतीस वर्षं ट्रकवर होते. बंजारा तांड्यावरची जुनी माणसं बैलांच्या पाठीवर माल लादून मुलूख पालथा घालायची, अमरसिंगनी ट्रक घेऊन घातला, एवढाच फरक. एकतीस वर्षांत गाडीला साधा ओरखडा नाही. आणि एक दिवस भरदुपारी, हळदीची पोती भरलेला ट्रक घेऊन ते वारंगा फाट्यावर उतरले, चहा मागवला आणि त्यांच्या लक्षात आलं की डोंगरकडा कधी मागे पडलं ते आठवत नाही. गाव गेलं होतं, शाळा गेली होती, शाळेची लेकरं रस्त्यावर असायची वेळ होती. काही झालं नव्हतं. पण आठवत नव्हतं. त्यांनी चहा संपवला, गाडी मालकाच्या दारात नेऊन लावली आणि चावी हातात दिली. मालक विचारतो, काहून? तर म्हणाले, "मला डोंगरकडा दिसलं न्हाई."

तेव्हा प्रेमदास एम.ए. करत होता. बाकीच्यांनी विषय पुस्तकांतून काढले, त्याने घरातून काढला. माणूस डोळे उघडे ठेवून नेमका कुठे हरवतो, हे त्याला शोधायचं होतं. पण चाचणी अक्षरांची, त्यामुळे ती वाचता येणाऱ्या ड्रायव्हरांनाच द्यायची होती. अमरसिंगना अक्षर येत नव्हतं. "आमाला वाचता येत न्हाई म्हनून आमी ड्रायवर न्हाई व्हय?" असं ते एकदाच म्हणाले आणि नंतर त्या विषयावर बोलले नाहीत. खाकी सदरा मात्र अजून रोज घालायचे, इस्त्री केलेला, आणि फाट्यावर सोजराबाईच्या हॉटेलात येऊन बसायचे.

सोजराबाईचं हॉटेल म्हणजे पत्र्याचं छप्पर, चार बाकं आणि एक लांब ओटा. सकाळी कळमनुरीच्या कॉलेजात तासिका उरकल्या की प्रेमदास दुपारी त्या ओट्यावर शिकवणी घ्यायचा. मानसशास्त्र घेतलं की मार्क पडतात, एवढ्या एका आशेवर पोरंपोरी हा विषय घ्यायची. सर शिकवायला लागले की मात्र विसरून जायची की आपण मार्कांसाठी आलोय. शिकवणी सुटली की त्याच ओट्यावर ड्रायव्हर बसायचे, चहा प्यायचे आणि म खोडायचे.

त्या दिवशी शिकवणीला नऊ जण होते. प्रेमदासने पिशवी खाली ठेवली आणि खडू न उचलताच विचारलं, "माझी उत्तरपत्रिका कोणी कोणी पाहिली?"

शितलने मान खाली घातली. शितल म्हणजे फाट्यावरच्या पंक्चरवाल्याची पोरगी, वर्गातली सगळ्यांत हुशार. वर्गात सगळ्यांत आधी हात वर करणारी ही पोरगी आज वहीचा कोपरा दुमडत बसली होती.

उत्तर भट्टीकडून आलं. "कोन्ती, ती क्यालेंडरमागं हाय ती?" सोजराबाईने विचारलं.

प्रेमदास उठून आत गेला. भिंतीवर कॅलेंडर होतं. त्याने ते वर केलं. मागे खिळ्याला त्याच्या उत्तरपत्रिकेची झेरॉक्स लटकत होती, चहाच्या हातांनी पिवळी पडलेली.

"सोजराबाई, हे काय आहे?"

"सर, तुमी रागावू नका. सुरवातीला तुमी सराव घेतला तवा आपले ड्रायवर लई चुकून राहिले व्हते. कोनाचे वीस सुटले, कोनाचे पंचवीस. मी शितलला म्हनलं, बाई, सरांचे ड्रायवर नापास झाले तर सरांना डॉक्टरकी कोन देईल? मंग तिनं तुमच्या रजिस्टरातनं कागद काढला."

"आणि?"

"आन काय. ड्रायवर आला की चाय देयाची, क्यालेंडर वर करायचं. लई दमून आला आसंल तर शितल त्याच्या तळहातावर लिहून देयाची, कोन्त्या ओळीत किती. गोपीचंदला तर तोंडपाठ हाय. तो झोपेत बी खोडंल."

तिच्या चेहऱ्यावर अपराध नव्हता, अभिमान होता. दीड वर्षं तिने एकालाही नापास होऊ दिलं नव्हतं. त्या भागात परीक्षा म्हटली की ज्याला येतं त्याने ज्याला येत नाही त्याला हात द्यायचा, हे सगळ्यांना इतकं अंगवळणी पडलेलं की यात चूक काय हेच तिला कळेना.

प्रेमदास खरं तर ओरडणार होता. त्याने तोंडही उघडलं. पण कॅलेंडरमागचा तो पिवळा कागद, शितलची खाली गेलेली मान आणि सोजराबाईचा पास झालेला चेहरा एकदम बघितल्यावर त्याला हसू फुटलं. सुरुवातीला नाकातून, मग पोटातून. ओट्यावरची पोरं आधी घाबरली, मग तीही हसायला लागली. कोपऱ्यात अमरसिंग तेवढे हसले नाहीत. "आता?" त्यांनी विचारलं.

"आता काय बापू. आठ महिने आहेत आन हातात काही न्हाई."

घरी तांड्यावर बापलेक आपल्या बंजारा बोलीत, गोरमाटीत बोलायचे, पण फाट्यावर चार माणसांत मराठीतच. म्हणून ते सगळ्यांनी ऐकलं आणि सगळ्यांचं हसणं थांबलं. शितलला रडू आलं. पोरगी रडताना पण विचार करणारी. दुसऱ्या दिवशी शिकवणीला ती सगळ्यांच्या आधी येऊन बसली.

"सर, तुम्हीच शिकवलं होतं की आधीच ठाऊक असलेली गोष्ट शोधायला ध्यान लागत नाही. मग ठाऊकच होणार नाही आसं काहीतरी विचारायचं. कागदावरचं नाही. रस्त्यावरचं."

"म्हणजे?"

"डोंगरकड्यापासून फाट्यापर्यंत रस्त्याच्या कडेला रोज दहा चीजा ठेवायच्या. रोज वेगळ्या. ड्रायव्हर उतरला की विचारायचं, काय काय दिसलं?"

प्रेमदासने खडू खाली ठेवला. चार वर्षं तो पुस्तकांत जे शोधत होता ते ही पंक्चरवाल्याची पोरगी ओट्यावर बसून सांगत होती. आणि तेच तर होतं बापूंचं डोंगरकडा. त्याने त्याच संध्याकाळी व्यंकटराव सरांना एस.टी.डी. बूथवरून फोन लावला. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे कॉपी होणार नाही कशावरून?"

हा प्रश्न बरोबर होता. सोजराबाई तिथे असेपर्यंत फाट्यावर काहीही कॉपी होऊ शकत होतं. रोज सकाळी वस्तू ठेवून येणारे तोंड बंद ठेवतीलही, पण त्यांनी केलेली यादी दिवसभर कुठेतरी राहणार, आणि जिथे राहील तिथे सोजराबाई पोचणार. यावर तोडगा अमरसिंगनीच काढला.

"माझ्यापाशी द्या. मला वाचता येत न्हाई. मी कोनाला काय सांगनार?"

ते सहज बोलले. प्रेमदासला ते सहज ऐकता आलं नाही, पण याहून पक्की जागा त्या फाट्यावर दुसरी नव्हती. त्या दिवसापासून रोजची चिठ्ठी घडी करून खाकी सदऱ्याच्या छातीवरच्या खिशात जाऊ लागली.

पुढचे सहा महिने फाट्यावर जी धमाल चालली ती अजून तिथले लोक सांगतात. सकाळी शितल आणि मुंजाजी नावाचा तिचा वर्गमित्र सायकलींवर वस्तू घेऊन निघायचे. लिंबाला लटकवलेलं सूप, मैलाच्या दगडावर पालथा तांब्या, बाभळीखाली मोडकी खुर्ची, कुंपणावर हिरवं लुगडं. पहिल्याच दिवशी तांब्या कुणीतरी नेला. दुसऱ्या दिवशी झेंडूची माळ शेळीने खाल्ली. शेळीने खाल्ली की यादीतून काढायची का ठेवायची, यावर वर्गात अर्धा तास वाद झाला. शेवटी ठरलं की ज्या ड्रायव्हरला माळ खाणारी शेळी दिसली त्याला ती धरायची.

ड्रायव्हर उतरायचे, चहा घ्यायचे आणि एकेकटे आठवायला बसायचे. कुणी दहापैकी आठ सांगायचा. चौदा-पंधरा तास गाडी हाकून आलेला तीनवर अडकायचा आणि डोकं धरून बसायचा. गोपीचंद एकदा दोनच सांगू शकला. कागदावरचे सगळे म झोपेत खोडणारा हा गडी त्या दिवशी गाडी तिथेच लावून झाडाखाली चार तास झोपला. मग इतरही झोपायला लागले. सोजराबाईने मागच्या बाजूला चार बाजा टाकल्या.

तिने कॉपीचा प्रयत्न केला नाही असं नाही. एकदा मिरचीची भजी घेऊन ती अमरसिंगपाशी बसली. "दादा, नुस्ती चिठ्ठी दाखवा. शितलचा बाप वाचून देईल. बिचारा गोपीचंद दोनवर गेला, बघवलं न्हाई मला."

अमरसिंगनी भजी खाल्ली आणि खिशाचं बटण लावलं. "त्याचं दोन ते त्याचं खरं हाय," ते म्हणाले.

एकशे चौऱ्याऐंशी ड्रायव्हर झाले. प्रेमदासने प्रबंध लिहिला, त्यात पहिली दोनशे बारा कागदांची फजितीसुद्धा लिहिली, जशी झाली तशी, आणि स्वतः सोडवलेली ती अक्षरांची चाचणी शेवटी परिशिष्टात जोडली. सतराव्या ओळीतल्या म भोवती त्याने स्वतःच्या हाताने लाल गोल काढला. मुदत संपायला अकरा दिवस राहिले असताना प्रबंध दाखल झाला.

तोंडी परीक्षेला फाट्यावरून एक काळी-पिवळी जीप भरून माणसं नांदेडला गेली. बाहेरगावाहून आलेले तज्ज्ञ बारीक चणीचे, बारीक आवाजाचे. त्यांनी सगळं विचारून झाल्यावर चष्मा काढला. "पहिल्या चाचणीचं अपयश तुम्ही लपवू शकला असता. का लिहिलंत?"

प्रेमदास उत्तर जुळवत होता, तोवर मागच्या रांगेतून सोजराबाई उभी राहिली. "सायेब, ती गल्ती माझी. सरांना काई म्हनू नका. आता क्यालेंडरमागं नुस्ता खिळा हाय."

अख्खं दालन हसलं. तज्ज्ञही हसले. व्यंकटराव सरांनी पाणी प्यायच्या निमित्ताने तोंड फिरवलं. अर्ध्या तासाने निकाल सांगितला, आणि सर म्हणाले, "बसा, डॉक्टर राठोड." प्रेमदास बसला, पाठ टेकून, पूर्ण खुर्चीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉटेलात गर्दी होती. शितलने पेढे वाटले. प्रबंधाची एक प्रत, निळ्या बांधणीची, सोनेरी अक्षरांची, सगळ्यांच्या हातांतून फिरून अमरसिंगसमोर आली. त्यांनी पुठ्ठ्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "तो म कोन्ता? ज्यानं घोळ घातला तो."

प्रेमदासने परिशिष्ट उघडून लाल गोल दाखवला.

अमरसिंगनी ते अक्षर बराच वेळ निरखलं. "खाली गाठ हाय. वरनं बंद."

"व्हय बापू. वर उघडा असला तर तो दुसरा. तो भ."

"मला एक कागद दे."

कोऱ्या चाचण्यांचा उरलेला गठ्ठा सोजराबाईने केव्हाच भजी बांधायला घेतला होता. तिने त्यातला एक काढून दिला. कोपऱ्याला तेलाचा डाग होता. अमरसिंगनी शितलची पेन्सिल घेतली, कागद बाकावर सपाट केला आणि पहिल्या ओळीच्या सुरुवातीला डाव्या हाताचं बोट ठेवलं.

पाच मिनिटं गेली, दहा गेली. त्यांचं बोट एकेका अक्षरापाशी थांबायचं, पेन्सिल कधी खाली यायची, कधी नाही. सगळ्यांना आधी गंमत वाटली, मग हळूहळू बोलणं बंद झालं. सोजराबाईने भट्टीवरचं आधण उतरवलं. फाट्यावरून गाड्या जात होत्या, पण त्यांनी एकदाही मान वर केली नाही. सतराव्या ओळीत मधोमध पेन्सिल खाली आली आणि पुढे गेली. पाऊण तासाने त्यांनी पेन्सिल ठेवली.

शितलने मोजले. पुन्हा मोजले. "आजोबा, एकसष्ट झाले. साठच आहेत. सरांचे एकोणसाठ आणि तो लाल गोलवाला. एक जास्तीचा खोडला तुम्ही."

"जास्तीचा कोन्ता, ते दाखव."

तिने प्रबंध शेजारी ठेवला आणि ओळीला ओळ लावत गेली. पहिली, पाचवी, दहावी, सतरावी, विसावी. तेविसाव्या ओळीशी ती थांबली. अगदी शेवटचं अक्षर, समासाला टेकलेलं. अमरसिंगनी ते खोडलं होतं. तिने कागद उचलून डोळ्यांजवळ नेला, आणि सरांच्या हातात दिला.

प्रेमदासने पाहिलं. खाली गाठ होती. वरनं बंद होतं. तो म होता.

त्याने तो पाहिला नव्हता. लाल पेन्सिल घेऊन बसलेल्या व्यंकटराव सरांनी पाहिला नव्हता. बारीक आवाजाच्या तज्ज्ञांनी नाही, दोनशे बारा कागद सोडवणाऱ्या ड्रायव्हरांनी नाही. प्रबंध आता बांधून विद्यापीठाच्या कपाटात गेला होता, आतल्या त्या न सापडलेल्या म सकट. प्रेमदासला हसू यायला लागलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले, आणि त्याने दोन्ही तसंच होऊ दिलं.

"बापू, म हाय तो. तुमचं बराबर हाय."

अमरसिंगनी मान हलवली. त्यांना ते आधीच ठाऊक होतं.

"डोंगरकडा सुटलं व्हतं," ते म्हणाले. "ह्ये न्हाई सुटलं."

मग त्यांनी तो तेलकट कागद बोटांनी सारखा केला, चार घड्या घातल्या, खाकी सदऱ्याच्या छातीवरच्या खिशात ठेवला आणि खिशाचं बटण लावलं.